यान एक, ग्रह सात : जायचं कुठं ते मुलांनी सांगायचं

समजा, भारताकडे एकच यान आहे. इंधन भरून तयार. ते शुक्राकडे जाऊ शकतं, मंगळाकडे जाऊ शकतं, नाहीतर लांबच्या युरेनसकडे. तिन्हीकडे नाही. एकदा सुटलं की अर्ध्या वाटेतून वळवून दुसऱ्या ग्रहाकडे नेण्याएवढं इंधन त्यात नसतं. आता तुमच्या गावातल्या आठवीतल्या पोरीला विचारा : कुठं पाठवायचं, आणि काहून?

प्रश्न खेळातला वाटतो. पण अमेरिकेच्या नासा संस्थेनं तो शाळकरी मुलांना अनेक वर्षं अगदी गंभीरपणे विचारला. शनी ग्रहाभोवती तेव्हा कॅसिनी नावाचं यान फिरत होतं. १९९७ च्या ऑक्टोबरात सुटलेलं हे यान जवळपास सात वर्षांचा प्रवास करून २००४ च्या मध्यात शनीपाशी पोचलं. शनीला चंद्र भरपूर, भोवती कडी आहेत, आणि कॅमेरा एका वेळी एकाच दिशेला बघणार. तेव्हा मुलांसाठी स्पर्धा काढली, ‘सायंटिस्ट फॉर अ डे’, म्हणजे एका दिवसापुरता शास्त्रज्ञ. पाचवी ते बारावीच्या मुलांसमोर तीन ठिकाणं ठेवायची. त्यातलं एक निवडायचं आणि पाचशे शब्दांच्या आत पटवून द्यायचं, की कॅमेरा इकडेच वळवा, इथूनच विज्ञानाला जास्त काही मिळेल. अमेरिकेबाहेरच्या अनेक देशांतही ही स्पर्धा आपापल्या पातळीवर भरत असे.

यातली खरी गंमत अशी, की तिन्ही उत्तरं बरोबर धरलेली असतात. चुकीचा ग्रह निवडला म्हणून कोणी नापास होत नाही. कारण कच्चं असेल तर होतो.

२०१७ च्या १५ सप्टेंबरला कॅसिनीचं इंधन संपत आलं म्हणून ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळून टाकलं. मुद्दाम अशासाठी, की शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर बर्फाखाली पाण्याचा समुद्र आहे. भटकं यान उद्या त्यावर जाऊन आदळलं आणि पृथ्वीवरचे जंतू तिथं गेले, तर मग तिथल्या सजीवांचा शोध घेणार कसा? म्हणजे यानाचा शेवटही विचार करूनच ठरवलेला. यान गेलं, तरी स्पर्धेची कल्पना टिकली. पुढे एका वर्षी युरेनसचे तीन चंद्र मुलांसमोर ठेवले होते, एरियल, ओबेरॉन आणि टायटेनिया. तिथं तर सध्या एकही यान नाही. तरी मुलांनी वाद घालायचा, की पाठवायचं झालं तर कोणाकडे.

आपल्या तालुक्यांतल्या शाळांत हा वाद घालायला काही खर्च नाही. ना प्रयोगशाळा लागते, ना दुर्बीण. पण घालायचा तर नीट घालावा, म्हणून त्यामागचा हिशेब इथं देतो आहोत.

ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

पहिली अडचण अंतराची. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका ओळीत, एकमेकांना खेटून असतात. त्यामुळे मुलांना वाटतं, मंगळ झाला की गुरू, गुरू झाला की शनी, एसटीच्या थांब्यांसारखं. तसं नाही.

पृथ्वी ज्वारीच्या दाण्याएवढी धरा, चार मिलिमीटर. मग सूर्य होतो मोठ्या परातीएवढा, सुमारे ४४ सेंटिमीटरचा. ही परात ग्रामपंचायतीच्या दारात ठेवा. तिथून ३४ मीटरवर शुक्र, तोही जवळपास ज्वारीचाच दाणा. ४७ मीटरवर आपण. आपला चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, आणि तो पृथ्वीपासून फक्त १२ सेंटिमीटरवर. माणूस आजवर गेला तो एवढाच, अर्धी वीत. ७० मीटरच्या जरा पुढे मंगळ, मोहरीएवढा. मग एकदम २४५ मीटरवर गुरू, लिंबाएवढा. साडेचारशे मीटरवर शनी, तोही लिंबूच, थोडा लहान. युरेनस बोराएवढा, पण तो ९०० मीटरवर, म्हणजे बहुतेक गावांत वस्ती संपून शेतं लागलेली असतात. नेपच्यून १४०० मीटरवर, शेजारच्या गावाच्या शिवेकडे.

हे एकदा मुलांना पायी चालून दाखवा. शनिवारच्या सकाळच्या शाळेत तासाभरात होतं. वर्गात बसून ‘युरेनस खूप लांब आहे’ असं लिहिणारा पोरगा आणि नऊशे मीटर उन्हात चालून बोर ठेवून आलेला पोरगा, दोघांच्या निबंधात फरक पडतो.

दुसरी गोष्ट, हे दाणे जागेवर थांबत नाहीत. सगळे सूर्याभोवती फिरतात, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. म्हणून यान केव्हाही सोडून चालत नाही. मंगळासाठी चांगली वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते, शुक्रासाठी १९ महिन्यांतून. पेरणीची वापसा गेली की वाट पाहावी लागते, तसंच. फरक एवढाच, की इथं पुढची वेळ दोन वर्षांनी.

तिसरी गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. जवळचा ग्रह म्हणजे सोपा ग्रह, असं नाही. बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ. त्याच्याकडे जाताना सूर्य यानाला ओढत राहतो आणि वेग वाढत जातो. तिथं थांबायचं तर तो वेग मोडावा लागतो. खोल विहिरीत दोर धरून हळूहळू उतरण्यासारखं काम. युरोप आणि जपानचं बेपीकोलंबो यान २०१८ मध्ये बुधाकडे निघालं, तर वाटेत पृथ्वी, शुक्र आणि खुद्द बुध यांच्याजवळून पुन्हा पुन्हा जाऊन त्याला वेग कमी करावा लागला. त्यात वर्षं गेली.

एका निवडीची गोष्ट

निवड किती अवघड असते, हे व्हॉयेजरच्या गोष्टीतून मुलांना लवकर कळतं.

१९७७ साली अमेरिकेनं दोन यानं सोडली, व्हॉयेजर एक आणि व्हॉयेजर दोन. दोन्ही गुरूजवळून जाऊन शनीकडे निघाली. व्हॉयेजर एकपुढे शनीपाशी दोन वाटा होत्या. एक वाट अशी, की शनीच्या ओढीचा झोका घेऊन पुढे प्लूटोकडे जाता आलं असतं. दुसरी वाट शनीच्या टायटन या चंद्राच्या अगदी जवळून जाणारी. पण ती धरली की यान ग्रहांच्या पातळीतून वर फेकलं जाणार, पुढे एकही ग्रह नाही. प्लूटो की टायटन?

टायटनभोवती दाट वातावरण आहे, हे पृथ्वीवरून कळलं होतं. चंद्राला वातावरण ही फार नवलाची गोष्ट. शास्त्रज्ञांनी टायटन निवडला. आणि तो इतका महत्त्वाचा मानला, की व्हॉयेजर एकला तिथं अपयश आलं असतं, तर मागून येणाऱ्या व्हॉयेजर दोनला युरेनस आणि नेपच्यून सोडून टायटनकडे वळवायचं, असंही ठरलेलं होतं.

नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर एक तिथं पोचलं. फोटोत दिसलं काय? सोललेलं नाही, सालीसकट असलेलं संत्रं. नारिंगी धुक्यानं पूर्ण झाकलेला गोळा, जमिनीचा पत्ता नाही. फोटो पाहून निराश व्हावं असाच प्रकार. पण बाकीच्या उपकरणांनी सांगितलं, की हवा मुख्यत्वे नायट्रोजनची आहे, आपल्यासारखी, आणि पृथ्वीच्या हवेपेक्षाही दाट. धुक्याखाली काय आहे, हा प्रश्न तिथून सुरू झाला. म्हणूनच पुढे कॅसिनीबरोबर हायगेन्स नावाचं छोटं यान पाठवलं. ते १४ जानेवारी २००५ ला टायटनच्या जमिनीवर उतरलं. तिथं द्रवरूप मिथेनच्या नद्या आणि तळी आहेत, हे आता माहीत आहे. टायटनवर उडणारं ड्रॅगनफ्लाय हे यंत्र तयार होत असून ते २०२८ मध्ये निघायचं आहे.

आणि प्लूटो? त्याला पहिलं यान भेटलं १४ जुलै २०१५ ला. जवळपास पस्तीस वर्षांनी.

मग १९८० ची निवड चुकली की बरोबर आली? यावर वर्गात दोन तट पडतात आणि पडू द्यावेत. आमच्या मते ती बरोबर होती, कारण टायटनच्या वाटेवर गेलं म्हणून पुढचा नेमका प्रश्न हाती आला. पण प्लूटोच्या बाजूनं बोलणारा मुलगा मूर्ख नाही. त्याचं नुकसान खरंच झालं.

व्हॉयेजर दोनला टायटनकडे वळवावं लागलं नाही, म्हणून ते २४ जानेवारी १९८६ ला युरेनसपाशी आणि २५ ऑगस्ट १९८९ ला नेपच्यूनपाशी गेलं. त्यानंतर या दोन ग्रहांकडे आजवर कोणीही गेलेलं नाही. दोघांचे जवळून काढलेले जे फोटो तुम्ही मोबाइलवर पाहता, ते त्या एकाच भेटीतले.

मंगळवाले, शुक्रवाले, युरेनसवाले

आता वर्गाचे तीन गट करू.

मंगळवाल्यांचं काम वरवर सोपं. नाव सगळ्यांना माहीत, पत्रिकेतही आणि बातम्यांतही. भारताचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला, पहिल्याच प्रयत्नात, मंगळाभोवती फिरू लागलं. खर्च सुमारे ४५० कोटी. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान जवळपास आठ वर्षं चाललं. पण इथंच मंगळवाले ढिले पडतात. ‘मंगळावर पाणी आहे का ते शोधू’ असं लिहून मोकळे होतात. त्याच्या ध्रुवांवर बर्फ आहे, हे कधीच कळलं आहे. ज्याचं उत्तर मिळालं, तो प्रश्न घेऊन यान कशाला पाठवायचं? खरा प्रश्न असा, की जुन्या काळी मंगळावर नद्या वाहिल्याच्या खुणा आहेत, मग ते पाणी आणि ती हवा गेली कुठं? बरीचशी हवा हळूहळू अवकाशात उडून गेली, असं अमेरिकेच्या मेवन यानानं दाखवलं. किती गेली, केव्हा गेली, जमिनीत किती मुरली, यावर अजून काम बाकी आहे. मंगळवाल्यांनी इथून सुरुवात करावी.

मंगळवाल्यांना एक घरचा मुद्दाही फुकट मिळतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांचा बराचसा भाग बेसाल्ट दगडावर उभा आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून तयार झालेला हा काळा दगड. तोच झिजून आपली कापसाची काळी जमीन झाली. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यत्वे बेसाल्टचाच. आणि आपल्या विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आकाशातून आदळलेल्या अशनीनं बेसाल्टमध्ये पाडलेलं. इतकं नीट राहिलेलं बेसाल्टमधलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ. म्हणून चंद्रावरची आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला परदेशातले शास्त्रज्ञ सत्तरच्या दशकापासून लोणारला येत आले आहेत. धुऱ्यावरचा काळा दगड हातात घेऊन ‘सर, मंगळावर असाच आहे’ असं सांगणारी पोरगी इंटरनेटवरून उतरवून आणलेल्या निबंधाला भारी पडेल.

शुक्रवाल्यांना वर्गात पहिला टोला बसतो तो असा : “शुक्रावर काहून जायचं? तिथं तं यानच वितळून जाते.” बरोबर आहे. शुक्राच्या जमिनीवर सुमारे ४६४ अंश तापमान. मे महिन्यात नागपूरचा पारा ४६ वर गेला की आपण दारं-खिडक्या लावून कूलरपुढे बसतो, तिथं त्याच्या दहापट. शिसं वितळतं. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट, समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यासारखा. वर सल्फ्युरिक ॲसिडचे ढग. रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचं, व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथं उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं.

पण शुक्रवाल्यांकडे हुकमाचा पत्ता आहे. शुक्र आकारानं पृथ्वीची जवळपास जुळी बहीण. दोघी सारख्याच मालाच्या बनलेल्या. मग एकीवर भात पिकतो आणि दुसरी भट्टी कशी झाली? शुक्राच्या हवेत जवळपास सगळा कार्बन डायऑक्साइड आहे. हा वायू उष्णता धरून ठेवतो. आत आलेलं ऊन बाहेर पडू देत नाही. हेच आपल्याकडे थोड्या प्रमाणात होत असल्याची काळजी सगळं जग करतं. शुक्रावर ते टोकाला गेलं. एकेकाळी तिथं समुद्र होते का, असतील तर कधी आटले, हे नक्की माहीत नाही. या प्रश्नाला उतरायची गरज नाही, वरून फिरूनही बरंच कळतं. फक्त ढगांतून कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून रडार लागतं. तिथले ज्वालामुखी अजून जिवंत असावेत, असा पुरावा २०२३ मध्ये मिळाला, तोही तीस वर्षांपूर्वीच्या मॅगेलन यानाच्या रडार चित्रांतून. जुनीच चित्रं पुन्हा निरखून पाहिल्यावर एक तोंड रुंदावलेलं दिसलं.

आणि शुक्र तर कोणालाही दिसतो. पहाटे किंवा संध्याकाळी सगळ्यात ठळक चमकणारी शुक्राची चांदणी, रात्री पाणी द्यायला शेतात जाणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेली. चमक येते ती त्याच ॲसिडच्या ढगांमुळे.

युरेनसवाल्यांचा गट लहान असतो. ‘तो आडवा लोळत फिरतो म्हणून मजेशीर आहे’ एवढ्यावर ते थांबले तर हरले. अक्ष ९८ अंश कललेला आहे हे खरं, पण मजा हे कारण होत नाही. त्यांचं खरं कारण : आजवर एकदाच भेट, तीही जवळून जाता जाता. दुसऱ्या ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडलेत. त्यांत युरेनस-नेपच्यूनच्या आकाराचे ग्रह भरपूर आहेत, आणि आपल्या घरातल्याच अशा दोन ग्रहांबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहिती. हा मुद्दा लहान नाही. अमेरिकेतले ग्रहशास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी एकत्र बसून पुढच्या मोहिमांचा क्रम लावतात. शेकडो जण लेखी बाजू मांडतात, अगदी मुलांच्या निबंधांसारखीच. २०२२ च्या अहवालात त्यांनी मोठ्या मोहिमांत पहिला नंबर युरेनसला दिला.

युरेनसशी भारताचाही जुना संबंध आहे. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा ताऱ्याचा उजेड मधेमधे लुकलुकला आणि त्यावरून युरेनसला कडी असल्याचं कळलं. ती घटना तामिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही टिपली गेली होती.

उलट बाजू त्यांना ऐकून घ्यावी लागेल. तिथं पोचायला दहा-बारा वर्षं. आठवीतली पोरगी तोवर नोकरीला लागलेली. ऊन इतकं कमी, आपल्या साडेतीनशेव्या हिश्शाहूनही थोडं, की सौर पॅनलवर भागत नाही, अणुऊर्जेची बॅटरी लागते. निरोप यायलाच अडीच तासांहून जास्त.

गुरूवाला एखादा उठलाच, तर त्याला सांगा की तिकडं आधीच गर्दी आहे. अमेरिकेचं युरोपा क्लिपर आणि युरोपचं ज्यूस अशी दोन यानं वाटेवर आहेत, २०३० आणि २०३१ ला पोचणार. ती काय सांगतात ते पाहून मग पुढचा प्रश्न ठरवणं शहाणपणाचं.

भारतानं काय निवडलं

इस्रोसमोरही हाच प्रश्न होता. चंद्र झाला, मंगळ झाला, पुढे काय? २०१७ साली इस्रोनं देशातल्या शास्त्रज्ञांना विचारलं, की शुक्राकडे यान न्यायचं तर त्यावर कोणती उपकरणं ठेवावीत. प्रस्ताव आले, छाननी झाली. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. १२३६ कोटी रुपये, त्यातले ८२४ कोटी खुद्द यानासाठी. उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरवलेलं आहे. यान शुक्राभोवती फिरणार, उतरणार नाही, आणि ढगांपलीकडे पाहायला रडार सोबत असणार.

१२३६ कोटी हा आकडा वाचला की गावात पहिला प्रश्न येतो, आणि तो दाबून टाकू नये. कापसाला भाव नाही, संत्र्याची गळ थांबत नाही, शाळेच्या छपरातून पाणी गळतं, आणि हे शुक्रावर चालले? देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर. भागाकार केला तर माणशी नऊ रुपयांच्या आत येतो, तोही काही वर्षांत मिळून. हा हिशेब खरा आहे, पण त्यानं शंका पूर्ण मिटत नाही. नऊ रुपये का होईना, कशाला, हे विचारता येतंच.

इथं एक चूक नेहमी होते, शिक्षकांच्या भाषणातही होते. ‘इस्रोमुळे आपल्याला पावसाचा अंदाज कळतो, म्हणून शुक्रावर जायचं.’ पावसाचे ढग दाखवणारे इन्सॅट उपग्रह वेगळे, पिकांचे आणि भूजलाचे नकाशे करायला कामी येणारे उपग्रह वेगळे. ते पृथ्वीभोवती फिरतात आणि पृथ्वीकडेच पाहतात. शुक्राचं यान तुमच्या तुरीला केव्हा पाणी द्यायचं ते सांगणार नाही. त्याच्याकडून मिळणारी गोष्ट वेगळी : ग्रह तापला की शेवटी काय होतं, याचा खरा नमुना. मुलांनी हे दोन्ही एकत्र कालवू नयेत. ‘शेतीला थेट उपयोग नाही, तरी पाठवावं, कारण…’ असं लिहिणारा निबंध जास्त प्रामाणिक, आणि ‘पाठवू नये, आधी हे करा’ असं कारणांसकट लिहिणाऱ्यालाही पूर्ण मार्क मिळायला हवेत.

शाळेत घ्यायचं कसं

आठवडाभर पुरतो. पहिल्या दिवशी ज्वारीच्या दाण्याचा खेळ. मग गट पाडा, पण गट मुलांनी निवडायचा नाही, चिठ्ठ्या टाकून द्यायचा. नाहीतर सगळे मंगळावर जाऊन बसतात. ज्याला युरेनस आवडत नाही त्याला युरेनसची बाजू मांडायला लावली, की तोच जास्त शोधाशोध करतो.

निबंध पाचशे शब्दांचा, त्याहून मोठा नको. त्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत : तिथं जाऊन नेमका कोणता प्रश्न सोडवायचा, तो पृथ्वीवरून दुर्बिणीनं का सुटत नाही, कोणतं उपकरण लागेल, आणि आपण हा ग्रह निवडल्यामुळे कोणता प्रश्न मागे राहिला. चौथी गोष्ट मुलं हमखास सोडून देतात. तीच तपासावी. अक्षराला मार्क नको, सुविचारांना तर मुळीच नको. ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे’ असं वाक्य आलं तर लाल पेननं खोडायला हरकत नाही.

मोबाइलवरून उतरवलेला मजकूर ओळखायचा सोपा उपाय : लिहिणाऱ्याला उभं करून दुसऱ्या गटानं तीन प्रश्न विचारायचे. ‘४६४ अंश म्हणता, मग तुमचं रडार कुठं राहील, वर की खाली?’ ज्यानं समजून लिहिलं तो उत्तर देतो. ज्यानं उतरवलं तो सरांकडे पाहतो.

जमलं तर सहल नागपूरला न्यावी. गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे, १९९२ पासून, आणि तिथंच तारांगण. नेहमी सहलीत मुलं तारांगणात मान वर करून बसतात, बाहेर येऊन आइस्क्रीम खातात आणि घरी येतात. वाद आधी घालून गेलेली मुलं वेगळं बघतात. शुक्र कधी येतो याची वाट पाहतात आणि बाहेर आल्यावर तिथल्या माणसांना अडवून विचारतात.

निकाल देताना दोन परीक्षक पुरेत. एक शाळेतला विज्ञान शिक्षक, दुसरा विज्ञानाशी संबंध नसलेला, गावातला शेतकरी, आशाताई, ग्रामसेवक, कोणीही. विज्ञान शिक्षक तथ्यं तपासेल. दुसऱ्यानं एवढंच सांगायचं, की मला पटलं का. आणि हात वर करून मतदान मात्र घेऊ नका. मतदान घेतलं की मंगळच जिंकतो, कारण त्याचं नाव सगळ्यांना आधीपासून पाठ असतं.